पडल्यानंतर वाकडं झालेलं मोटरसायकलचं हँडल सरळ कसं करावं

पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं ऑइल वर येतं, पुढचं चाक निसटतं आणि गाडी आडवी होते. उचलून पुन्हा चालवायला घेतली की लक्षात येतं, गाडी सरळ जातेय पण हँडल एका बाजूला वळलेलं आहे. बहुतेकांना वाटतं हँडलचा पाइप वाकला. कमी वेगात पडलेल्या गाडीत बऱ्याचदा काहीच वाकलेलं नसतं. पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्या हँडलखालची वरची प्लेट आणि खालची टी (चाकाच्या वरचा आडवा भाग) अशा दोन ठिकाणी आवळलेल्या असतात. पडताना हँडल जमिनीवर आपटून एकीकडे फिरतं, चाक मात्र अडकून राहतं. मग वरची प्लेट खालच्या टीच्या मानाने थोडी सरकते आणि नळ्यांना पीळ बसतो. हा पीळ नेहमीच्या पान्यांनी घरीही काढता येतो. त्याआधी दोष तिथेच आहे याची खात्री करा.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. समोर चार-पाच पावलांवर बसून फक्त चाक आणि शॉकअपच्या नळ्या बघा. हेडलाइट आणि मीटर यांच्यावर विसंबू नका, त्यांच्या पट्ट्या सहज वाकतात आणि डोळ्याला फसवतात. चाक अगदी सरळ धरा आणि सीटच्या मध्यावरच्या एका खुणेपासून हँडलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर दोरीने मोजा. अंतर सारखं आलं तर हँडल सरळच आहे, दोष मागच्या चाकात शोधा. चेन ताणताना दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवले नाहीत तर मागचं चाक तिरकं बसतं आणि सरळ रस्त्यावर हँडल किंचित वळवूनच धरावं लागतं. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे जुळतात का, ते आधी बघा. गाडी पडलेली नसताना हँडल वाकडं वाटत असेल तर कारण बहुधा इथेच सापडतं.

अंतर वेगळं आलं तर हँडलचा पाइप तपासा. त्याची दोन टोकं एकसारख्या उंचीवर नसतील किंवा मुठीजवळ कोन बदललेला दिसला, तर पाइप बदला. स्टीलचा पाइप सरळ करून वापरणं बरं नाही, वाकलेल्या जागी तो कमजोर झालेला असतो. नवा पाइप बसवताना होल्डरवर खुणेचा ठिपका असेल तर तो पुढच्या बाजूला ठेवा. अशा होल्डरचे आधी पुढचे बोल्ट पूर्ण आवळायचे, मग मागचे. मागे थोडी फट राहते, ती राहू द्या.

पाइप ठीक असेल तर नळ्यांकडे वळा. खालच्या टीखाली जिथे नळ्या उघड्या दिसतात तिथे पुसून घ्या आणि जाड काचेचा कडा घासलेला तुकडा दोन्ही नळ्यांवर समोरून टेकवा. चारही कोपरे टेकले तर नळ्या समांतर आहेत. काच एका कोपऱ्यावर डुगडुगली तर पीळ आहे.

पीळ काढताना

इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या, सायलेन्सरच्या पाइपखाली नको. पुढचं चाक जमिनीला टेकलेलं असू द्या, पण गाडीचा भार ठोकळ्यावर घ्या. नळ्या वरच्या प्लेटच्या बाहेर किती येतात ते मोजून लिहून ठेवा.

आता ढिलं करायचं: पुढच्या चाकाच्या एक्सलचा नट, एक्सल आवळणारा बोल्ट असेल तर तो, मडगार्डचे बोल्ट, खालच्या टीचे बोल्ट, वरच्या प्लेटचे बोल्ट आणि मधला मोठा स्टेम नट (हँडल ज्या मधल्या दांड्यावर फिरतं, त्या स्टेमचा). मडगार्ड विसरू नका. त्याची पट्टी शॉकअपच्या दोन्ही पायांना बांधून ठेवते, ती आवळलेली राहिली तर पीळ परत येतो. स्टेम नटही तेवढाच महत्त्वाचा, कारण तो घट्ट असेल तर वरची प्लेट हलणारच नाही. काही गाड्यांत तो हँडलच्या होल्डरखाली लपलेला असतो, तिथे हँडल उचलून बाजूला घ्यावं लागतं.

सगळं अर्धा ते एक फेराच सोडायचं. टी आणि प्लेट पूर्ण सोडली तर गाडी नळ्यांवरून खाली घसरते. बऱ्याच साध्या कम्यूटर गाड्यांत वरच्या प्लेटमधून नळीत जाणारा मोठा बोल्टच स्प्रिंगचं झाकणही असतो. तो अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त सोडू नका, खाली स्प्रिंग दाबलेली असते.

गाडीसमोर चाकाकडे तोंड करून उभे राहा, चाक गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल उलट बाजूला झटका देऊन फिरवा. थोडं जास्त फिरवून मग मध्यावर आणा. सगळं नीट ढिलं झालं असेल तर फार जोर लागत नाही. खूप जोर लागत असेल तर थांबा, एखादा बोल्ट राहिलाय किंवा नळी वाकलीय. काहीही ढिलं न करता नुसतं चाक धरून हँडल ओढण्याची पद्धत रस्त्यावर खूप चालते. हँडल सरळ दिसतंही, पण नळ्यांत ताण शिल्लक राहतो आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यात पुन्हा तेच होतं.

सरळ दिसल्यावर एक्सलचा नट आवळा. ठोकळ्यावर भार असतानाच टीचे बोल्ट, त्यानंतर स्टेम नट आणि शेवटी वरची प्लेट आवळा. नळ्यांची उंची पुन्हा मोजा. आता ठोकळा काढा, गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून हँडल सहा-सात वेळा जोरात दाबा. शॉकअपचे पाय एक्सलवर आपापल्या जागी बसतात. त्यानंतरच एक्सल आवळणारा बोल्ट आणि मडगार्ड आवळा. टॉर्क पाना असेल तर ८ मिमीच्या बोल्टांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतं. एक्सल आणि स्टेम नटचा आकडा मात्र गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, तो गाडीगणिक बदलतो. काच पुन्हा टेकवून बघा.

काच अजूनही डुगडुगत असेल तर नळी वाकली आहे. शॉकअप अडकत चालणं, एकाच बाजूच्या सीलमधून ऑइल गळणं, ही त्याची आणखी लक्षणं. काम गॅरेजचं. नळी काढून सपाट काचेवर फिरवली की बाक लगेच दिसतो. स्टेमच्या आसपास फ्रेमचा रंग उखडला किंवा सुरकुतला असेल तर ती गाडी चालवूच नका.

चालवण्याआधी

पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. बरोबर मध्यावर खटकन अडकलं तर कोनसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये) खड्डे पडलेत, तो बदलावा लागेल. शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे ओढा, हालचाल जाणवली तर कोनसेट ढिला आहे. चाक फिरवून डिस्क ब्रेकला घासत नाही ना, ते बघा. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आवाज वाढला तर ॲक्सिलेटरची केबल ताणली जातेय, तिचा मार्ग नीट करा.

मग मोकळ्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात पकड हलकी ठेवून चालवा. कमी वेगात गाडी डुलत असेल तर कोनसेट जास्त आवळला गेलाय. ब्रेक लावताना समोरून टकटक आली तर तो किंवा एक्सल ढिला आहे. पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा.