माड साफ करताना काय तोडावं, काय ठेवावं

पाऊस तोंडावर आला की परसातला माड ‘मोकळा’ करायची घाई होते आणि वाळक्या झावळ्यांबरोबर हिरव्याही खाली येतात. याने माडाचं मोठं नुकसान होतं. त्याला महिन्याला साधारण एक नवी झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा, असते. खालची हिरवी झावळी छाटली तर तिच्या देठावर टेकलेला नारळाचा घड लोंबकळतो, कधी मोडतो. मोठ्या निरोगी माडावर 30 ते 40 झावळ्या हव्यात.

साफसफाई वर्षातून दोनदा करा: मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर. खोड कोरडं असतानाच माणूस वर चढवा. जवळून विजेची तार जात असेल तर आधी पुरवठा बंद करून घ्या. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू देऊ नका. माडाच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही.

वर गेल्यावर आधी पूर्ण वाळलेल्या झावळ्या, सुकलेल्या पोयी आणि बगलांत साचलेला कचरा काढा. ओढल्यावर सहज निघते तीच झावळी काढायची. छपरावर किंवा तारेवर आलेली हिरवी झावळी तोडावीच लागली, तर देठाचा 120 सेंटिमीटर भाग खोडाला राहू द्या. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. देठ लांब ठेवला तर अळी खोडापर्यंत पोचायची शक्यता कमी होते.

खालच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या-नारिंगी पडत असतील तर त्याही राहू द्या. पालाश (पोटॅशियम) कमी पडलं की माड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतो. ती तोडली की पिवळेपणा वरच्या झावळीत चढतो. उपाय जमिनीत आहे: मोठ्या माडाला वर्षाला 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशाचं खत, दोन-तीन हप्त्यांत विभागून, खोडापासून पावणेदोन मीटरपर्यंतच्या आळ्यात, ओल असताना. सोबत 50 किलो शेणखत. आळ्यात उतरवलेल्या झावळ्यांचं आच्छादन करा. खराट्यासाठी हीर, म्हणजे पात्यांतल्या काड्या, मात्र आधी काढून घ्या.

शेंड्यातली सुरळी, म्हणजे न उमललेली नवी झावळी, नीट पाहा, कारण माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की माड गेला. नवी झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी उमलली तर तो गेंड्या भुंगा. त्याने पाडलेल्या भोकात तारेचा आकडा घालून भुंगा बाहेर ओढा. मग वरच्या दोन-तीन बगलांत 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. हे वर्षातून तीनदा करावं लागतं. पण भुंग्याच्या अळ्या वाढतात शेणाच्या खड्ड्यात. दर महिन्याला खड्डा उलथा आणि पांढऱ्या जाड अळ्या वेचून मारा. खड्डा तसाच राहिला तर वरची पेंड पुरी पडणार नाही.