मराठी मुलाखत, मजकूर कन्नडात: एजंटला नव्हे, माझ्या सूचनांना दुरुस्ती लागली

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या जुन्या भातजातींवर आजोबांशी गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या, अस्सल मराठीत. एआय एजंटने (सांगितलेलं काम संगणकावर स्वतः करणारा प्रोग्राम) व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल, चालवून ‘झालं’ म्हटलं. फाइल उघडली तर सगळं कन्नड लिपीत. दुसऱ्या खेपेला तर इंग्रजी.

मोठं मॉडेल लावलं, आवाज साफ केला, सूचनांत ‘मराठीतच हवं’ असंही लिहिलं. दोन रात्री वाया.

कारण रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच होतं: बसस्टँडवरची कन्नड घोषणा. चालवायच्या आज्ञेतच (कमांड) भाषा सांगितली नाही तर व्हिस्पर ती पहिल्या 30 सेकंदांवरून ओळखतं आणि शेवटपर्यंत तीच धरतं. इंग्रजीचं खापर माझ्यावरच. ‘सर्वांना कळेल असा मजकूर’ या माझ्या वाक्यावरून एजंटने इंग्रजी भाषांतराचा पर्याय लावला होता.

मग एजंट वाचतो ती सूचना-फाइल या क्रमाने बदलली. आधी मोघम वाक्यं काढून चालणारी एक पूर्ण आज्ञा जशीच्या तशी दिली. तिच्यात भाषेचा कोड ‘एमआर’ (मराठी) सक्तीचा केला. कोड ठाऊक नसेल तर एजंटने थांबून विचारायचं, अंदाज करायचा नाही. नंतर काम ‘ट्रान्सक्राइब’ (बोललेलं त्याच भाषेत लिहिणं) असं स्पष्ट लिहिलं, ‘ट्रान्सलेट’ला मनाई. शेवटी तपासणी: आज्ञा विनाचूक संपली एवढ्यावर ‘झालं’ म्हणायचं नाही, फाइल उघडून मजकूर देवनागरीत आहे का, रिकामा तर नाही ना, हे पाहायचं.

आमच्याकडे एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात, त्याला हा उपाय पुरत नाही. लांब कन्नड भाग मात्र वेगळा कापून ‘केएन’ कोडने चालवला.