सिरियाकचे ठिपके टाइप करताना या चुका टाळा

सिरियाक म्हणजे अरामी घराण्यातली जुनी भाषा आणि तिची लिपी. तिची टाइप केलेली फाइल तपासायला आली की मी आधी मजकूर वाचतच नाही, सरळ ०७१६ हा युनिकोड क्रमांक शोधते. हे बिनठिपक्याचं अक्षर. दालथ (द) आणि रीश (र) यांचा आकार एकच, ठिपका खाली असला तर दालथ, वर असला तर रीश, आणि जुन्या हस्तलिखितात ठिपकाच नसेल तर टाइप करायला म्हणून युनिकोडने हे तिसरं अक्षर दिलंय. तेवढ्यासाठीच.

पण होतं काय, अनेकवचनाची खूण म्हणजे स्यामे, डोक्यावर दोन आडवे ठिपके. शब्दात रीश असेल तर ते बहुतेक वेळा रीशवरच बसतात आणि रीशचा स्वतःचा ठिपका त्यांच्यात मिसळून जातो, म्हणजे दिसायचे एकूण दोनच. फॉन्ट नीट नसला की तीन दिसतात. मग घाईतला माणूस रीश पुसून बिनठिपक्याचं अक्षर घालतो, वर स्यामे देतो, आणि स्क्रीनवर सगळं झकास दिसतं.

केरळातल्या सुरियानी, म्हणजे सिरियाक, पोथ्यांच्या एका कामात याच प्रकाराने आम्हाला रडवलं. तूरा म्हणजे डोंगर, तूरे म्हणजे अनेक डोंगर, अक्षरं तीच, फरक फक्त स्यामेचा. तूरे शोधलं तर निम्मेच सापडायचे, बाकीचे पानावर डोळ्यांना दिसतायत तरी नाहीत! दोन दिवस मी सर्चलाच दोष देत बसले. मग एकेका अक्षराचा कोड काढून बघितला तर दोन टायपिस्ट, दोन पद्धती. सूचीसाठी खुणा काढून टाकल्यावर तर अजून वाईट, बरोबर टाइप केलेल्याचा तूरा उरला, दुसऱ्यात दालथ की रीश तेच कळेना. एका फटक्यात बदलताही येईना, कारण पोथीत खरोखरच बिनठिपक्याची अक्षरं होती. फोटो शेजारी ठेवून एकेक जागा बघितली, तीन आठवडे गेले. आपल्या 'तऱ्हा'चं तेच आहे ना, कोणी ऱ वापरून लिहितो, कोणी र ला जॉइनर (अदृश्य जोडखूण) लावून, दिसतं सारखं, सर्चला सापडत नाही.

तेव्हा रीशच टाइप करा आणि फॉन्ट बदला. मी मेल्थो नावाचे सिरियाक फॉन्ट वापरते. नवीन लोकांना दिसणं जुळलं की काम झालं असं वाटतं, त्यांना मी आठवडाभर नुसते कोड वाचायला लावते.

स्यामेला सिरियाक ब्लॉकमधे वेगळा कोड नाही, वर दोन ठिपके देणारा सर्वसाधारण ०३०८च वापरायचा. ०७४३चे दोन ठिपके उभे असतात, ती वेगळी खूण.

कठोर उच्चाराचा ठिपका कुश्शाया ०७४१, मृदू उच्चाराचा रुक्काखा ०७४२. त्यांच्या जागी विरामचिन्हाचा ठिपका चिकटवू नका.

फॉन्ट पूर्व सिरियाकचा केला म्हणून पश्चिम सिरियाकच्या स्वरखुणा ठिपक्यांच्या होत नाहीत, त्यांचे कोडच वेगळे आहेत.

एकाच अक्षरावर स्यामे आणि वरचा स्वर दोन्ही असतील तर क्रम आधीच ठरवून घ्या. नॉर्मलायझेशन, म्हणजे कोड एकसारखे करणारी युनिकोडची प्रक्रिया, तो क्रम बदलत नाही, म्हणजे उलटसुलट टाइप केलेले दोन शब्द कायम वेगळेच राहतात. मी आधी स्यामे, मग स्वर असं ठेवते.

आणि संक्षेपाची खूण, ती डोळ्यांना न दिसणारा कोड असते, संक्षेपाच्या पहिल्या अक्षराआधी येते, तिच्यामुळे वर रेघ उमटते. अदृश्य अक्षरं साफ करणाऱ्या स्क्रिप्टा तिला कचरा समजून उडवतात, म्हणून स्क्रिप्ट चालवायच्या आधी आणि नंतर मी ती मोजून घेते.