बुद्धिबळ स्पर्धेत खेळाडूची झडती घेताय? या चुका टाळा

रेटिंग स्पर्धेची पाचवी फेरी चालू आहे. चौदाशे रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) एका मुलानं सकाळी दोन हजारच्या खेळाडूला हरवलंय आणि आत्ताही त्याचाच डाव वरचढ दिसतोय. तेवढ्यात कुणाचे तरी वडील पंचांच्या टेबलाशी येऊन कुजबुजतात, "सर, तो सारखा बाहेर जातोय, जरा बघा ना." म्हणजे बाहेर जाऊन फोनवर चाली बघतोय, असा संशय. बहुतेक चुका होतात त्या यानंतरच्या दहा मिनिटांत. झडती ही स्पर्धेच्या रोजच्या कामकाजाचा भाग वाटली तर कुणाला काही वाटत नाही. ती आरोपासारखी वाटली, की बिनसलंच म्हणून समजा.

सगळ्यांसमोर खिसे उलटे करायला लावणे

सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत वाईट चूक हीच. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांतलं कलम ११.३.३ पंचांना बराच अधिकार देतं. कपडे, बॅग, इतर वस्तू, अगदी शरीरही तपासता येतं. मात्र ही तपासणी खासगीत व्हायला हवी, आणि मुलीची तपासणी बाईनं, मुलाची पुरुषानंच करायला हवी. शाळेच्या हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात भरलेल्या स्पर्धेत पंचांच्या चमूत अनेकदा एकही महिला नसते. मग ऐनवेळी "मॅडम, जरा येता का" म्हणून कुणाच्या तरी आईला बोलावलं जातं, आणि तिचीच मुलगी त्याच गटात खेळत असते! पंचांनी अधिकार दिलेली कुणीही व्यक्ती तपासणी करू शकते. त्यामुळे खोली कुठली आणि माणसं कोण, हे पहिल्या फेरीआधीच ठरवा. खेळाडू अठराच्या आतला असेल तर पालक किंवा प्रशिक्षक खोलीत हवेतच. बंद खोलीत पंच आणि लहान मूल दोघंच, असा प्रसंग कधीच येऊ देऊ नका. त्यात मुलाचंही भलं आहे आणि पंचांचंही.

फक्त जिंकणाऱ्यालाच तपासणे

२००७ साली फ्रान्समधल्या व्हांदव्रच्या खुल्या स्पर्धेत हंगेरीची आना रुडॉल्फ एका ग्रँडमास्टरला (बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवलेल्या खेळाडूला) हरवून चमकत होती. काही प्रतिस्पर्ध्यांनी संशय घेतला तो तिच्या लिप बामवर! म्हणे त्यातून तिला चाली कळतात. निघालं काहीच नाही, पण ऐन भरात असलेल्या खेळाडूचं लक्ष उडायचं ते उडालंच.

यावर सोपा उपाय म्हणजे चिठ्ठ्या. दर फेरीला दोन-तीन पटांचे क्रमांक चिठ्ठी टाकून काढा आणि त्या पटांवरच्या दोन्ही खेळाडूंना तपासा. तशी सूचना स्पर्धेच्या माहितीपत्रकातच छापा. मग खरोखर संशय असलेल्या खेळाडूलाही त्याच रांगेतून नेता येतं आणि बभ्रा होत नाही.

यंत्र वाजलं म्हणजे चोर सापडला

हातातला मेटल डिटेक्टर धातू ओळखतो, लबाडी ओळखत नाही. पट्ट्याचं बक्कल, जीन्सची चेन, हातातलं कडं, गळ्यातला ताईत, खिशातली नाणी, अंतर्वस्त्राचा हूक, हाड जोडताना बसवलेली पट्टी, सगळ्यांवर तो वाजतो. म्हणून आधी खिसे रिकामे करायला सांगा, पट्टा काढायला सांगा आणि मग यंत्र फिरवा. दंड, पाठ, कंबर, पोटऱ्या आणि बूट या क्रमानं सावकाश फिरवा. घाईत फिरवलं की बूट हमखास राहून जातात. सकाळी हॉल उघडल्यावर स्वतःच्या मोज्यात फोन ठेवून यंत्र वाजतंय का, हेही बघून घ्या. बॅटरी उतरलेला डिटेक्टर हातात घेऊन फिरणारे आयोजक कमी नाहीत.

कानातलं श्रवणयंत्र, पेसमेकर, इन्सुलिन पंप यांची माहिती नावनोंदणीच्या वेळीच विचारा. पेसमेकर असलेल्यांवर डिटेक्टर फिरवू नका, हातानं तपासा. मनगटावरच्या घड्याळाबद्दलही नियम आधीच जाहीर करा. २०२३ मध्ये कतार मास्टर्समध्ये मॅग्नस कार्लसन हरला आणि समोरच्याच्या मनगटावर घड्याळ दिसल्यामुळे आपलं लक्ष लागेना, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. फसवणुकीचा आरोप आपण करत नाही, हेही तो म्हणाला. घड्याळ साधं होतं. घड्याळबंदी मात्र त्यानंतर आली. पहिल्या फेरीआधीच बंदी असती तर हा गवगवा झालाच नसता.

माणूस तपासला, टॉयलेट राहिलं

माझ्या मते खरी मेख इथे आहे. हुशार लबाड फोन अंगावर ठेवतच नाही. दुबई ओपन, एप्रिल २०१५. जॉर्जियाचा ग्रँडमास्टर गाइओज निगालिद्झे पुनःपुन्हा उठून टॉयलेटमध्ये जात होता आणि दर वेळी त्याच खोलीत शिरत होता. हे हेरलं ते प्रतिस्पर्धी तिग्रान पेट्रोसियाननं (हा माजी जगज्जेता नव्हे, त्याच्याशी नामसाधर्म्य असलेला दुसरा खेळाडू). निगालिद्झेच्या अंगावर काही मिळालं नाही. फोन सापडला तो टॉयलेटच्या भांड्यामागे, कागदात गुंडाळलेला. फोन माझा नाही, असं तो म्हणाला, पण फोनवर त्याच्याच नावाचं सोशल मीडियाचं खातं उघडं होतं आणि बुद्धिबळाच्या ॲपमध्ये चालू डावाचीच स्थिती मांडलेली होती. त्याचा किताब गेला आणि तीन वर्षांची बंदी आली. २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गला ग्रँडमास्टर इगोर्स राउसिसही टॉयलेटमधल्या फोनमुळेच सापडला.

तेव्हा फेरी सुरू होण्याआधी आणि मध्येही एकदा टॉयलेट बघून या. फ्लशची टाकी, कचऱ्याचा डबा, खिडकीची कड, छताची सैल फरशी, सगळं. फोन सापडला तर दुसऱ्या पंचाला बोलावल्याशिवाय तो जागेवरून हलवू नका. आत माणूस असताना वरून डोकावणं किंवा फोटो काढणं तर मुळीच नको. त्यातून तुमच्यावरच पोलिसांत तक्रार व्हायची.

आणि फोन हॉलमध्ये असलाच पाहिजे असंही नाही. २०१० मध्ये रशियातल्या खांती-मान्सीस्कला झालेल्या ऑलिम्पियाडमध्ये (देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत) फ्रान्सच्या सेबास्तियाँ फेलेरला चाली कळत त्या संघाच्या प्रशिक्षकाकडून. फ्रान्समध्ये बसलेला साथीदार आकडे पाठवायचा आणि प्रशिक्षक ठरलेल्या पटामागे जाऊन उभा राहायचा. त्याच्या उभं राहण्याच्या जागेवरून चाल कळायची! फेलेरची कितीही झडती घेतली असती तरी काय मिळणार होतं? आपल्याकडच्या स्पर्धांत पालक आणि प्रशिक्षक मुलांच्या खांद्यावरून वाकून डाव बघतात, त्यांना आधी बाहेर काढा. थेट प्रक्षेपण असेल तर ते काही मिनिटं उशिरानं दाखवा.

नकार मिळाल्यावर हात घालणे

खेळाडू "नाही दाखवणार" म्हणाला तर ओढाताण करू नका. फिडेच्या कलम १२.९ मध्ये ताकिदीपासून डाव हरल्याचं जाहीर करणं आणि स्पर्धेतून काढणं इथपर्यंत शिक्षा दिलेल्या आहेत. नकाराचे परिणाम त्याला शांतपणे सांगा, साक्षीदारासमोर पुन्हा एकदा विचारा आणि मग निर्णय द्या. बल्गेरियाच्या बोरिस्लाव इव्हानोव्हनं २०१३ मध्ये बूट काढायला नकार दिला आणि तो बाद झाला. त्याला कुणी हातही लावावा लागला नाही.

डाव चालू असताना तपासायचंच असेल तर डावाचं घड्याळ थांबवा आणि त्यावरची दोन्ही खेळाडूंची वेळ कागदावर लिहून घ्या. घाई नसेल तर डाव संपल्या संपल्या तपासा, खेळाडू हॉल सोडायच्या आत.

फोन सापडला म्हणजे फसवणूक, असा अहवाल लिहिणे

खिशात बंद फोन सापडला तरी नियमानुसार डाव जातो (स्पर्धेच्या नियमांत सौम्य शिक्षा असेल तर ती लागू). पण फोन बाळगणं आणि फोन वापरून चाली शोधणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००३ मध्ये रुस्लान पोनोमारिओव्हसारख्या तेव्हाच्या फिडे विश्वविजेत्याचा डाव फोन वाजल्यामुळे गेला होता, पण त्याला लबाड कुणी म्हटलं नाही. अहवालात जे दिसलं तेवढंच लिहा. फोन कुठे होता, चालू होता की बंद, पडद्यावर काय होतं, सोबत कोण होतं, किती वाजले होते. "इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम) वापरल्याचा संशय" असं अंदाजानं लिहू नका.

तोंडी तक्रारीवर धावणे

तक्रार लेखी घ्या, सही घ्या. कुजबुजणाऱ्यांपैकी निम्मे तर कागद पुढे केल्यावरच गप्प होतात. २०१५ मध्ये जॉर्जियात झालेल्या युरोपियन महिला स्पर्धेत अनेक खेळाडूंनी रुमानियाच्या मिहाएला सांदूवर संशय घेणारं पत्र दिलं होतं. पुढे फिडेच्या आचारसंहिता आयोगानं आरोप करणाऱ्यांनाच दोषी धरलं. हे तक्रारदाराला सही घेतानाच सांगा.

झडतीत काही निघालं नाही, तर तक्रारदाराला तसं स्पष्ट सांगा, आणि खेळाडूचा गेलेला वेळ त्याच्या घड्याळात परत टाका. स्पर्धेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलाचं नाव घेऊन चर्चा सुरू झाली, तर ती ॲडमिननं त्याच मिनिटाला बंद करावी.