तिसाव्या दिवसाचा फोन

एमएसच्या, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, पहिल्या वर्षी सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायची वेळ येते, तेव्हा रेसिडेंटची झोप तीन-चार तासांवर आलेली असते. मग सीनियरचा जुना थिसिस उघडायचा, वर्ष बदलायचं आणि 'परफोरेशन पेरिटोनायटिस'वर (जठराला किंवा आतड्याला भोक पडून पोटात पसरलेलं इन्फेक्शन) काहीतरी ठोकून मोकळं व्हायचं. मीही तेच केलं. साठ केसेस, इमर्जन्सी लॅपरोटॉमी (तातडीने पोट उघडून केलेलं ऑपरेशन), जखमेत पू झाला का नाही, एवढंच बघायचं. मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात परफोरेशनला तोटा नसतो.

डिस्चार्जच्या दिवशी पट्टी काढायची, टाके कोरडे दिसले की सगळ्या केसेसच्या मास्टर चार्टमध्ये 'नाही' लिहायचं, असं माझं चाललं होतं. वीसेक केसेस झाल्यावर थिसिसच्या गाइडनी चार्ट बघितला. "आकडे फारच छान आलेत रे. तीस दिवसांचं काय?"

ऑपरेशननंतर तीस दिवसांत जखम चिघळली तर ते सर्जिकल साइट इन्फेक्शन, ही व्याख्या मला व्हायव्हासाठी (तोंडी परीक्षेसाठी) पाठ होती. स्वतःच्या चार्टला ती लावायचं डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रात्री केस पेपर काढून फोन लावत बसलो. निम्मे नंबर भलत्याचेच. एक तर चक्क ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा. बीडकडच्या एका ऊसतोड कामगाराचा फोन त्याच्या मेव्हण्याने उचलला. टायफॉइडने आतड्याला भोक पडलेली केस, आठव्या दिवशी घरी सोडलेली. "दाजी तर कारखान्यावर गेले, डॉक्टर. टाके सुकलेत, पण बेंबीखालून पाणी येतंय म्हणत होते. फडकं लावतात." माझ्या चार्टमध्ये त्यांच्यापुढे 'नाही' होतं. आणि महिन्याभरापूर्वी पोट उघडलेला माणूस उसाच्या फडात होता, ते वेगळंच.

तेव्हापासून ॲडमिशनलाच दोन नंबर घेतो आणि विचारतो, "महिन्याभराने कुठं असणार?" ऊसतोडीच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हा प्रश्न फार कामाचा. फोनवर 'इन्फेक्शन झालं का' विचारू नका, उत्तर 'नाही'च येतं. कपडा ओला होतो का, वास येतो का, गावातल्या डॉक्टरने एखादा टाका उघडला का, असं विचारा. आमच्या युनिटच्या चार्टमध्ये आता 'फोन कुणी उचलला' असाही रकाना आहे.

नवख्यांना वाटतं, रिसर्च म्हणजे रोबोट नाहीतर जनुकं. 2022 मध्ये 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये आलेली 'चीता' ट्रायल बघा. प्रश्न काय, तर पोट बंद करण्याआधी सगळ्यांनी ग्लोव्ह्ज बदलले आणि नवी इन्स्ट्रुमेंट्स घेतली, तर पू कमी होतो का? भारतासह सात देश, 13,301 पेशंट. इन्फेक्शन 18.9 टक्क्यांवरून 16 वर आलं. त्याआधी 2021 मध्ये 'फाल्कन'मध्ये ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेले, जास्त किमतीचे टाक्यांचे धागे तपासले होते. साध्या धाग्यापेक्षा काही फायदा दिसला नाही. नकारात्मक निकालसुद्धा लॅन्सेटमध्ये छापून येतो, हे लक्षात असू द्या. दोन्हीकडे मोजमाप तिसाव्या दिवसाचंच. अशा मल्टिसेंटर, म्हणजे अनेक हॉस्पिटलांत मिळून चालणाऱ्या, स्टडीत डेटा गोळा करायची संधी मिळाली तर सोडू नका. नाव लांबलचक यादीत येतं, पण फॉर्म कसा बांधतात ते कळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि ट्रायल असेल तर सीटीआरआय या सरकारी ट्रायल-नोंदवहीत नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी हवी. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही. संमतीपत्र पेशंटच्या भाषेत, आणि जखमेच्या फोटोसाठी वेगळी संमती. बायोस्टॅटिस्टिक्सवाल्यांकडे सॅम्पल साइज ठरवायला जा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर ते फक्त हळहळतात. आयसीएमआरचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स पीजींना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) करावाच लागतो, तर तो सिनॉप्सिसच्या आधीच उरका. पैसे भरा, पेपर आठवड्यात छापतो, अशा ईमेल येतील. त्या डिलीट करा. आणि पेपरवर कुणाचं नाव कितव्या क्रमांकावर, हे सुरुवातीलाच बोलून घ्या. मी संकोचाने बोललो नाही. माझ्या पहिल्या पेपरवर मी चौथा आहे, आणि फोन सगळे मीच केले होते.