आगीत कोणती सायकल वाचवायची, ते आजच ठरवा
नवतपा लागला की नागपुरात कूलर रात्रंदिवस चालतात आणि जुन्या वायरिंगवर ताण येतो. महाल, इतवारीतल्या अरुंद जिन्याच्या घरात दोन-तीन लाडक्या सायकली असतील, तर निवड आत्ताच करून ठेवा. धुरात डोकं चालत नाही.

माझ्या मते पहिला मान महागड्या सायकलीचा नाही, पुन्हा न मिळणारीचा. कार्बन फ्रेमची नवी सायकल विम्याच्या पैशातून घेता येईल, आजोबांची रॅले नाही. ती दाराजवळच्या खोलीत ठेवा, साखळीनं बांधू नका. पण दार आणि जिना मोकळाच हवा. प्रत्येकीचे फोटो, बिल आणि पेडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेम नंबर स्वतःला मेल करून ठेवा. घराच्या विम्यात सायकली धरल्या आहेत का, तेही विचारा.

आग लागलीच तर आधी माणसं बाहेर, मग 101. सायकल वाटेतच हाताशी आली तरच घ्या. एकदा बाहेर पडल्यावर तिच्यासाठी परत आत जायचं नाही, ती कितीही जिवाची असो. होरपळलेली कार्बन किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम वरून धड दिसली तरी चालवू नका; उष्णतेनं ती आतून कमजोर झालेली असू शकते.