अर्थमंत्र्यांचं संसदेतलं उत्तर तपासताना या चुका टाळा

अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा संपली की अर्थमंत्री लोकसभेत आणि राज्यसभेत उत्तर देतात. संध्याकाळपर्यंत त्यातले आकडे व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. एकाच योजनेबद्दल सत्ताधारी म्हणतात ‘तरतूद वाढवली’, विरोधक म्हणतात ‘कात्री लावली’, आणि बरेचदा दोघांचेही आकडे बरोबर असतात. फरक असतो तो तुलना कशाशी केली यात. नेमकी तीच गोष्ट तपासायची राहून जाते.

तुलनेचा रकाना न बघणं

‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ या पुस्तिकेतल्या बहुतेक तक्त्यांना चार रकाने असतात. 2025-26 च्या पुस्तिकेत ते असे आहेत: 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चा अर्थसंकल्पीय अंदाज, 2024-25 चा सुधारित अंदाज आणि 2025-26 चा अर्थसंकल्पीय अंदाज. अर्थसंकल्पीय अंदाज म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची मूळ तरतूद, आणि सुधारित अंदाज म्हणजे वर्ष चालू असताना दुरुस्त केलेला आकडा. शेवटच्या रकान्याची तुलना आधीच्या तिन्हींशी करता येते, आणि तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात.

जलजीवन मिशनचं उदाहरण घ्या. 2024-25 ची मूळ तरतूद 70,163 कोटी रुपये होती. सुधारित अंदाजात ती 22,694 कोटींवर आली. 2025-26 साठी 67,000 कोटी ठेवले. सुधारित अंदाज धरला तर तरतूद जवळपास तिप्पट झाली. मूळ अंदाज धरला तर 3,163 कोटींनी घटली. गावातल्या नळाला पाणी येणार की नाही, हे मात्र या दोन्ही तुलनांमधून कळत नाही. त्यासाठी मधला 22,694 चा आकडा बघावा लागतो, कारण पैसे ठेवले होते आणि खर्च झाले नाहीत, हे तोच सांगतो. मंत्री मूळ तरतूदच सांगत असतील, तर सुधारित अंदाज काढून बघाच.

उलटं उदाहरण मनरेगाचं आहे. 2020-21 मध्ये मूळ तरतूद 61,500 कोटी होती. टाळेबंदीनंतर कामाची मागणी वाढली आणि सुधारित अंदाज 1,11,500 कोटींवर गेला. पुढच्या वर्षी 73,000 कोटी ठेवले. ही कपात म्हणायची की वाढ? आपण कोणता रकाना धरला हे सांगितल्याशिवाय दोन्ही शब्द वापरू नका. ती योजना मागणीवर चालणारी असल्यामुळे वर्षाच्या सुरुवातीची तरतूद हा फक्त आरंभाचा आकडा असे. 2021-22 चा सुधारित अंदाजही पुढे 98,000 कोटींवर गेला.

प्रत्यक्ष खर्चाचा रकाना एक वर्ष उशिरा येतो, हेही लक्षात ठेवा. तोपर्यंत केंद्र सरकारचे हिशेब ठेवणाऱ्या महालेखा नियंत्रकांचे मासिक हिशेब पाहता येतात. ते लेखापरीक्षण न झालेले असतात, पण वर्षाच्या मध्यावर खर्चाचा वेग कळायला पुरेसे आहेत.

‘भांडवली खर्च’ म्हणजे रस्ते आणि पूल असं समजणं

आर्थिक धोरणाची बाजू मांडताना अलीकडे सगळ्यात जास्त येणारा आकडा हाच, आणि सगळ्यात जास्त गफलतही इथेच होते. मालमत्ता उभारणं, कर्ज देणं अशा गोष्टींवरचा खर्च भांडवली खर्चात धरतात. 2021-22 मध्ये भांडवली खर्चाचा मूळ अंदाज 5.54 लाख कोटी होता, सुधारित अंदाज 6.03 लाख कोटी. म्हणजे लक्ष्यापेक्षा जास्त. पण या 6.03 लाख कोटींमध्ये एअर इंडियाची हमी दिलेली जुनी देणी फेडण्यासाठीचे 51,971 कोटी आहेत. ते वजा केले तर उरतात सुमारे 5.51 लाख कोटी, म्हणजे मूळ अंदाजापेक्षा थोडे कमीच. हिशेबाच्या नियमांनुसार ती नोंद भांडवली खर्चात बसते. नवी मालमत्ता मात्र त्यातून उभी राहिली नाही.

2025-26 साठी जाहीर झालेल्या 11.21 लाख कोटींच्या भांडवली खर्चातही राज्यांना 50 वर्षांसाठी बिनव्याजी द्यायच्या कर्जाचे 1.5 लाख कोटी आहेत. ते पैसे राज्यं खर्च करतात. त्यामुळे केंद्राचा भांडवली खर्च आणि राज्यांचा भांडवली खर्च यांची सरळ बेरीज केली, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते.

‘प्रभावी भांडवली खर्च’ हा आणखी वेगळा आकडा आहे. त्यात मालमत्ता उभारणीसाठी दिलेली अनुदानं मिळवतात. 2025-26 साठी तो 15.48 लाख कोटी आहे. एका वर्षाचा साधा आणि दुसऱ्या वर्षाचा प्रभावी आकडा शेजारी ठेवला तर वाढ फुगलेली दिसते. भाषणाच्या इतिवृत्तात ‘प्रभावी’ हा शब्द आहे का, ते शोधा.

तुटीची टक्केवारी उतरली म्हणजे कर्ज उतरलं असं मानणं

2024-25 च्या सुधारित अंदाजात राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 4.8 टक्के होती, 2025-26 साठी लक्ष्य 4.4 टक्के ठेवलं. रुपयांत पाहिलं तर दोन्ही वर्षी तूट सुमारे 15.7 लाख कोटीच आहे. उत्पादनाचा अंदाज सुमारे 324 लाख कोटींवरून 357 लाख कोटींवर गेला, म्हणून टक्केवारी उतरली. हे धोरण म्हणून योग्यच आहे. पण तूट म्हणजे त्या वर्षाची नवी उसनवारी. ती आधीच्या कर्जात जमा होते आणि व्याज चढतच राहतं. 2025-26 च्या 50.65 लाख कोटींच्या एकूण खर्चापैकी 12.76 लाख कोटी व्याजापोटीच जाणार, असा अंदाज होता. खर्च ‘कुठे’ होतो यावर वाद घालताना हा चौथा हिस्सा आधी बाजूला काढा.

अर्थसंकल्पाबाहेरची उसनवारी विसरणं

अन्नधान्य अनुदानाचा आलेख काढला तर 2020-21 मध्ये उभा कडा दिसतो: मूळ अंदाज 1,15,570 कोटी, सुधारित 4,22,618 कोटी. मोफत धान्य हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की धान्य खरेदी करणाऱ्या भारतीय अन्न महामंडळाला आधीची काही वर्षं अनुदानाऐवजी अल्पबचत निधीतून, अर्थसंकल्पाच्या खर्चात न दिसणारं कर्ज मिळत होतं, आणि त्या वर्षी ते फेडायचं ठरलं. म्हणजे आधीच्या वर्षांचे आकडे खऱ्या खर्चापेक्षा कमी होते. 2020 च्या आधीच्या आणि नंतरच्या तुलना करताना अशा कर्जांचा तक्ता बघा. तो ‘व्यय रूपरेषा’ या खंडात मिळतो.

राज्याचा वाटा आणि केंद्राचं अनुदान एकत्र करणं

‘केंद्रानं महाराष्ट्राला इतके कोटी दिले’ या वाक्यात बहुतेक वेळा करांमधला वाटा मिसळलेला असतो. तो वित्त आयोगाच्या सूत्रानं मिळतो. पंधराव्या आयोगानं विभाज्य करांचा, म्हणजे राज्यांसोबत वाटून घ्यायच्या करांचा, 41 टक्के भाग राज्यांना दिला, त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के होता. उपकर आणि अधिभार (करांवर लावलेले जादा कर) या विभाज्य रकमेत येतच नाहीत. म्हणून 41 टक्के हे केंद्राच्या एकूण करवसुलीचे धरू नका.

पुरवणी मागण्यांचा मथळा जसाच्या तसा घेणं

पुरवणी मागण्या म्हणजे वर्ष चालू असताना सरकारनं संसदेकडे मागितलेली जादा खर्चाची मंजुरी. डिसेंबर 2023 च्या पुरवणी मागण्या सुमारे 1.29 लाख कोटींच्या होत्या. प्रत्यक्ष रोख खर्च त्यातला सुमारे 58,378 कोटी. उरलेली रक्कम खात्यांतल्या बचतीतून किंवा वाढीव जमा आणि वसुलीतून भागवायची होती. पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच ही विभागणी दिलेली असते.

पहिलं भाषण अंतिम मानणं

करांचे बदल वित्त विधेयक मंजूर होईपर्यंत बदलू शकतात. जुलै 2024 मध्ये घर-जमिनीच्या विक्रीवरच्या नफ्याला मिळणारा महागाई निर्देशांकाचा लाभ (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याची सवलत) काढला होता. 7 ऑगस्टला लोकसभेत दुरुस्ती झाली: 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना 12.5 टक्के किंवा निर्देशांकासह 20 टक्के, यांतला कमी कर भरायची मुभा मिळाली. जुलैतल्या बातमीवर ज्यांनी व्यवहाराचा हिशेब केला, त्यांना तो पुन्हा करावा लागला.

आणि मंत्र्यांचा आकडा खरोखर चुकीचा वाटला तर? लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 115 नुसार लोकसभेचा कोणताही खासदार, मंत्र्यांच्या निवेदनातली चूक लेखी पत्रानं अध्यक्षांच्या निदर्शनास आणू शकतो. आपल्या खासदारांना लिहिताना भाषणाची तारीख, इतिवृत्तातलं नेमकं वाक्य आणि अर्थसंकल्पीय कागदपत्रातलं पान जोडा.